बांधावरचा डबा

कोरेगावचा माणूस बाहेरगावी गेला की आधी त्याला आपलं कोरेगाव सिद्ध करावं लागतं. पुण्यात नाव सांगावं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरेगाव पार्क उभं राहतं. तो आपल्याकडं जरा आदरानं बघतो आणि मग आपल्या चपलांकडं जरा संशयानं. दुसऱ्या कुणाला भीमा कोरेगाव आठवतं. मुंबईकराला गोरेगाव ऐकू येतं आणि तो "ईस्ट की वेस्ट?" असं विचारतो. एवढ्यानं भागत नाही म्हणून शेजारच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, आणखी एक कोरेगाव आहे. आमच्या नावाची पार्सलं तिकडं मुक्काम करून आलेली आहेत. त्यामुळं आम्ही एका दमात सगळं सांगून टाकतो: सातारचं, पुणे-मिरज रेल्वेवरचं, सातारा-पंढरपूर रस्त्याचं, घेवड्याचं कोरेगाव.

पुतण्याला यातलं काही लागत नाही. तो आकडे सांगतो. उत्तरेला सुमारे १७ अंश ४२ मिनिटं, पूर्वेला ७४ अंश १० मिनिटं. "काका, या आकड्यांवर दुसरं कुठलंही कोरेगाव येऊन बसू शकत नाही." आमच्या गावाची इतकी निःसंदिग्ध ओळख आजवर तहसीलदार कचेरीच्या दाखल्यावरसुद्धा कुणी करून दिली नव्हती.

हा पुतण्या हॅम्बुर्गला असतो. तिथं त्याला डबे हुडकायचा नाद लागला आहे. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी मोबाईल घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत तारीख घालून सही करायची आणि डबा होता तसा ठेवून घरी यायचं. जर्मनीत असे डबे लाखांनी आहेत म्हणे.

"आणि मिळतं काय?" आमच्या आईनं विचारलं.

"सही करायला मिळते, आजी."

आई बघतच राहिली. तिनं आजवर सह्या केल्या त्या सोसायटीच्या कर्जावर, भावकीच्या वाटणीपत्रावर आणि विहिरीच्या हिश्श्यावर. सही केली की आपलं काहीतरी जातं एवढाच तिचा अनुभव. नातू सही करायला रानोमाळ हिंडतो हे ऐकून तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "ह्याची नोकरी हाय ना अजून?"

नोकरी होती. रजेवर आला होता. मोबाईलवर त्यानं आमच्या तालुक्याचा नकाशा उघडला, तर सगळीकडं नुसती मोकळी जमीन, डब्याची खूण एकही नाही. त्याला ते सहन झालं नाही. खरं तर त्याला डबा ठेवायला ऐतिहासिक, आडबाजूचं आणि समुद्राकाठचं गाव हवं होतं. उत्तर समुद्राकाठच्या कुठल्याशा जुन्या गावात, रस्त्याकडेच्या थांब्यावर, त्याला पहिला डबा सापडलेला. तेव्हापासून ते चित्र डोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, यातल्या दोन अटी आपण जागेवर पुऱ्या करू. ऐतिहासिक म्हणशील तर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड आपल्या तालुक्यात, परशुरामपंत प्रतिनिधींचं किन्हई आपल्या तालुक्यात, आणि रणदुल्लाखानाचा दर्गा आपल्या रहिमतपुरात. आडबाजूचं म्हणशील तर त्याला पुराव्याची गरज नाही, संध्याकाळी पुण्याहून निघून बघ. राहिला समुद्र. तो कुंभार्ली घाट उतरून गुहागरला आहे, आणि तिथं डब्याची निगा राखायला आपलं कुणी नाही.

हा निगेचा मुद्दा पुढं माझ्या अंगावर येणार होता.

डब्याच्या या खेळाला फार वर्षं झालेली नाहीत. अमेरिकेचे उपग्रह आधीपासून वर फिरत होतेच, पण सैन्याला खरी जागा आणि जनतेला मुद्दाम बिघडवलेली, असा त्यांचा पंक्तिप्रपंच होता. सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. क्लिंटनसाहेबांच्या हुकमानं २ मे २००० पासून तो मुद्दाम घातलेला बिघाड बंद झाला. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं एक काळी प्लास्टिकची बादली रानात अर्धवट पुरली आणि तिचे आकडे जाहीर केले. बादलीत काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा डबा. काही दिवसांतच ती लोकांना सापडलीसुद्धा. आज जगभरात असे तीस लाखांवर डबे लपलेले आहेत आणि त्या मूळच्या बीन्सच्या डब्याचं भाविक लोक मेळाव्यांतून दर्शन घेतात.

बीन्स म्हणजे आपला घेवडाच की! हे कळल्यावर आईचा त्या अल्मरबद्दलचा ग्रह एकदम सुधारला. आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा, वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे असलेला, २०१६ साली भौगोलिक मानांकन घेऊन बसलेला आहे. दिल्लीकडचे लोक त्याला राजमा म्हणून खातात आणि आपण काय खाल्लं ते त्यांना कळत नाही. आईनं लगेच शेरभर घेवडा निवडायला घेतला.

"आजी, डब्यात खायची वस्तू ठेवायची नाही. नियम आहे. उंदीर, मुंग्या येतात."

"त्या पहिल्यानं ठेवली हुती न्हवं?"

"तेव्हा नियम नव्हते."

"मग नियमाच्या आधी बरं चाललं हुतं म्हणायचं. रिकामा डबा कुणाला देत न्हाईत, एवढं शिकवलं न्हाई व्हय तुझ्या आईनं?"

पुतण्यानं सांगितलं की डबा रिकामा नसतोच. आत छोट्या वस्तू असतात. हवी ती एक घ्यायची आणि तेवढ्याच किंवा जास्त किमतीची दुसरी ठेवायची. यावर आई म्हणाली की हे आम्ही शेजारणीबरोबर चाळीस वर्षं करतोय, त्याला मोबाईल कशाला लागतो. तरीही आजीला नाही म्हणवेना, म्हणून घेवड्याचे पाच दाणे एका छोट्या पिशवीत 'शोभेचे' म्हणून गेले. खेळाच्या नियमात शोभेबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

पण बाकीचं बरंच लिहिलेलं होतं. डबा जमिनीत पुरायचा नाही. एका डब्यापासून दुसरा डबा किमान १६१ मीटर लांब पाहिजे. सुट्टीला आलेल्या माणसानं ठेवून निघून जायचं नाही, निगा राखायला जवळ कुणीतरी हवं. आणि ज्याची जागा, त्याची परवानगी हवी. निगा राखायला जवळ कोण होतं ते वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. मास्तरकीतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळच वेळ असतो, असं ज्यांना वाटतं त्यांत माझे सगळे नातेवाईक येतात.

परवानगीचं सोपं वाटलं, कारण जागा आपलीच होती. रस्त्याला लागून आमचा एक तुकडा आहे. कडेला बांध, बांधावर बाभळ, समोर चहाची टपरी, तिथंच वडापच्या जिपा थांबतात. पण सातबारा काढला तर त्यावर अकरा नावं. एक चुलत बंधू मुंबईला. एक चुलती वारलेली, तिची वारसनोंद अजून व्हायची. एका नावाचा माणूस कोण, हे आईलासुद्धा सांगता येईना, बहुतेक लिहिणाऱ्याच्या हातून पडलेला असावा. पुतण्यानं विचारलं, "मग मालक कोण?" मी म्हटलं, बाळा, हा प्रश्न सांभाळूनच आपलं घराणं इथवर आलंय. शेवटी जमीन कसतो तो मालक धरून मीच मला परवानगी दिली.

आता डबा. तो त्यानं जर्मनीहूनच आणलेला. चार बाजूंनी कड्या, आत पाणी जाणार नाही अशी रबराची कड, आणि बाहेरून हिरव्या पानांची नक्षी असलेली चिकटपट्टी, लपावा म्हणून. हॅम्बुर्गच्या रानात तो खरंच कुणाला दिसत नसेल. पण आमच्याकडं वैशाख चालू होता. नजर जाईल तिथवर माती, धस्कटं आणि मळकट बाभळी, एकच रंग. त्यात तो हिरवा डबा बांधावर ठेवला तर रेल्वेतून दिसला असता. पुतण्या मोबाईलवर मातकट रंगाच्या पट्टीची किंमत बघत बसला. तेवढ्यात आईनं डबा उचलून गोठ्यात नेला आणि त्यावर झकास शेणाचा हात फिरवून वाळत टाकला. वाळल्यावर तो तिचा तिलाच सापडेना.

बांधातला एक दगड उचलून त्याच्या मागं डबा सरकवला आणि दगड परत बसवला. सांगायची गोष्ट अशी, की हे आम्ही भल्या पहाटे केलं. या खेळात खेळाबाहेरच्या माणसांना मगल म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेलं नाव आहे, आणि मगलांच्या नजरेत न येता सगळं करायचं असतं. मी पुतण्याला विचारलं, आपल्या तालुक्यात मगल किती असतील? तो म्हणाला, तू आणि मी सोडून सगळे.

मग चाचणी. मी मोबाईल घेऊन टपरीपासून निघायचं आणि डबा शोधायचा. बाणाच्या मागं मी गेलो. आकडा वीस मीटर, बारा, सात, चार, आणि मग परत नऊ. शेवटच्या चार-पाच मीटरांत उपग्रह आपलं अंग काढून घेतो, तिथून पुढं माणसानं डोकं वापरायचं. मी वाकलो.

आमच्या भागात रस्त्याच्या कडेला मास्तर वाकला, तर ती खाजगी गोष्ट राहत नाही. पहिली मोटारसायकल थांबली. "काय हारवलंय, सर?" काही नाही, म्हटलं. "किल्ली का?" नाही रे. त्यानं गाडी स्टँडला लावली आणि तोही वाकला. दुसरा आला. त्यानं पहिल्याला विचारलं, काय हुडकायचंय? पहिला म्हणाला, "ते बघू मागनं, तू त्या अंगानं ये." वडापची जीप थांबली, तिच्यातले उतरले. ऊस घालून मोकळा परतणारा ट्रॅक्टर कडेला लागला. दहाएक माणसं, काय शोधायचं ते ठाऊक नसताना, इतक्या मनापासून शोधत होती की मला भरून आलं. पुतण्या टपरीत तोंड लपवून बसला होता.

हातात मोबाईल आणि त्याच्यावर बाण बघून एकाचा चेहरा पालटला. "सर, मोजणी हाय का?" झालं! रस्त्याकडेला उपग्रहाचं यंत्र घेऊन उभा राहणारा माणूस आमच्याकडं दोनच कारणांनी येतो: भावकीनं मोजणीचा अर्ज टाकलाय, नाहीतर रस्ता रुंद होतोय. भूमी अभिलेखवालेही हल्ली साखळी सोडून रोव्हर नावाचं यंत्र आणतात, तेही उपग्रहालाच विचारतं. "कुठला गट जातोय?" "दर काय देणार?" "विहीर धरणार का न्हाई?" मी खेळ आहे म्हणून सांगत होतो आणि जितकं सांगावं तितका लोकांचा संशय पक्का होत होता. इतकं सारवासारव करतायत म्हणजे चौपदरी असणार.

त्या गर्दीतून डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक म्हातारी निघाली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. बांधाकडं एकदा बघितलं, उभ्या-उभ्या पायानं एक दगड दाखवला आणि म्हणाली, "ह्यो दगड कुणी हालवला?" डबा त्याच्याच मागं होता. बांध वीतभर सरकला म्हणून ज्या मुलखात तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात, तिथं दगड हलवून ठेवायची कल्पनाच मुळात परदेशी. हॅम्बुर्गमध्ये उपग्रह चार मीटर चुकला तर चालतं, कारण तिथं दगडांकडं कुणी बघत नाही.

डबा बाहेर आला तशी कुजबुज झाली, गुप्तधन! आमचे एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब गर्दीत होतेच. त्यांनी कायदा काढला. निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेलं, दहा रुपयांवर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये हा आकडा इंग्रजाच्या काळातला. "ह्या डब्याचीच किंमत किती?" त्यांनी विचारलं. पुतण्या टपरीतून म्हणाला, बारा युरो. मग तर कळवायलाच पाहिजे, असं ठरलं. डबा उघडला. आत वही, पेन्सिल, एक चावीची साखळी, प्लास्टिकचा छोटा गेंडा आणि घेवड्याचे पाच दाणे. भाऊसाहेबांनी दाणे हातावर घेऊन बघितले आणि बियाणं चांगलं आहे असा निर्वाळा दिला.

एक जण म्हणाला, हे तर मारुतीसारखं झालं. समोर जरंडेश्वराचा डोंगर दिसत होता. द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा पडला, तोच हा जरंडा, अशी आमच्याकडची कथा आहे. मला ते पटलं. मारुतीकडं डोंगरापर्यंतचा पत्ता नेमका होता, शेवटच्या चार मीटरांचा नव्हता. त्यानं आख्खा डोंगर उचलला आणि जिथल्या तिथं ठेवायच्या नियमाची वाट लावली. पुतण्या मात्र याला शोध लागला असं मानायला तयार नव्हता. वहीत सही कुठाय?

पुतण्या परत गेला, परीक्षकांनी आमचा डबा मंजूर केला, नकाशावर कोरेगावजवळ खूण उमटली आणि मी रीतसर निगा राखायला लागलो. निगा म्हणजे काय, तर वही भरलीय का बघायचं. ती लवकरच भरली. जर्मन वहीत टोपणनाव आणि तारीख एवढंच असतं. आमच्याकडं संपूर्ण नाव, राहणार, पोस्ट, काहींनी जातीचा दाखला क्रमांकसुद्धा. 'भेट दिली, व्यवस्था समाधानकारक' असा एक शेरा. 'शेतीपंपाला दिवसा लाईट द्यावी' अशी मागणी, खाली सतरा सह्या. हा डबा तक्रारपेटी आहे, आणि जर्मनीतून उघडली जाते म्हणजे कुणीतरी वाचत असणार, असा समज पसरला होता. एका पानाला टाचणीनं बायोडाटा लावलेला: मुलगा बी.एस्सी. ॲग्री, तीन एकर बागायत, रंग निमगोरा, अपेक्षा काही नाही. परदेशातल्या मुली चालतील का ते लिहिलं नव्हतं.

वस्तूंची अदलाबदल मात्र अगदी नियमानं चालू होती. गेंडा पहिल्या दिवशीच गेला, त्याच्या जागी कुणीतरी यात्रेतली शिट्टी ठेवली. शिट्टी गेली, जोतिबाच्या गुलालाची पुडी आली. एसटीचं तिकीट, पाच रुपयांचं नाणं, चुन्याची भरलेली डबी, लग्नपत्रिका. फक्त पेन्सिल टिकत नव्हती. पेन्सिल नेली की तिच्या बदल्यात काही ठेवायचं असतं हे कुणाला पटत नाही, पेन्सिल ही मागून घ्यायची आणि विसरायची वस्तू आहे. घेवड्याचे दाणेही गेले. पाऊस झाल्यावर बांधाच्या कडेला दोन वेल वर आले तेव्हा ते कुठं गेले ते कळलं. दगडावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं दिसल्यावर मात्र मी ते पुसून काढलं. उद्या तिथं शेड मागतील.

एका रविवारी पुण्याहून एक तरुण जोडपं गाडी घेऊन आलं. खरे, नियमातले खेळाडू, पायात बूट, पाठीला पिशव्या. गाडी टपरीपाशी थांबायच्या आत टपरीवाला ओरडला, "डबेवाले का? त्यो बाभळीखालचा तिसरा दगड. आधी चहा घ्या, डबा कुठं पळत न्हाई." पोरीचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आलो ते शोधायला, असं ती म्हणाली. मग टपरीवाल्यालाही वाईट वाटलं. तो उठला, डबा काढून दुसऱ्या दगडामागं ठेवला आणि म्हणाला, "आता हुडका." तोवर टपरीतले सगळे बाहेर येऊन उभे राहिले होते आणि पोरगी योग्य दगडाजवळ गेली की टाळ्या वाजवत होते. त्या दोघांनी जाताना मोबाईलवर लिहिलं की आजवर इतक्या लोकांसमोर कधी डबा शोधला नव्हता. अवघडपणा त्यांनी पाचपैकी एक दिला. टपरीवाल्याच्या चहाला पाचपैकी पाच.

हे वाचून पुतण्याचा फोन आला. डबा कुणाला माहीत नसलेल्या जागी हलव, म्हणाला. मी म्हटलं, अशी जागा सापडली तर तिचे आकडे तूच पाठव.

तो विषय तिथंच थांबला असता. पण गेल्या आठवड्यात मुंबईच्या चुलत बंधूंचा फोन आला. सामाईक बांधावर आम्ही काहीतरी पक्कं ठेवलंय, पुण्या-मुंबईचे लोक बघायला येतात आणि उत्पन्न चालू आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी सगळा खुलासा केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तसं असंल तर आमच्याबी हिश्श्यात एक डबा ठेवा." मी सांगितलं, दादा, दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागतं आणि आपला आख्खा तुकडा रस्त्याला तेवढा लांब नाही. "किती हाय?" त्यांनी विचारलं. ते मला नेमकं सांगता आलं नाही.

त्यांनी मोजणीचा अर्ज टाकलाय.